करून पाहायला काय जाते?

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाची कथा प्रायश्चित्तकाळात आपण अनेकदा ऐकली आहे. त्या माणसाला पाहून शिष्य प्रभू येशूला विचारतात की, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, स्वतःच्या की आईबापांच्या? प्रभू दोन्ही गोष्टी नाकारतो. शिष्यांच्या मनात दुष्टपणा नव्हता. त्यांच्याकडे माहिती नव्हती, मत मात्र तयार होते. त्या मताचे ओझे कोणाच्या डोक्यावर पडते, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

आज एखाद्या घरी दिव्यांग मूल जन्माला आले, किंवा दोन-अडीच वर्षांचे होऊनही मूल बोलेना, हाकेला वळून पाहीना, असे झाले की त्या घराभोवती अशीच मते गोळा होतात. कोणी म्हणते, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही. कोणी म्हणते, लस टोचली तेथेच बिघडले. कोणी अमुक गावच्या वैद्याचा पत्ता देते. पूर्वी ही मते अंगणात आणि विहिरीवर ऐकू येत. आता ती मोबाईलवर येतात, सोबत व्हिडिओ असतो, पांढरा कोट घातलेला माणूस असतो, आणि शेवटी 'सर्वांना पाठवा' अशी विनंती असते. पाठवणारी व्यक्ती बहुधा प्रेमाची असते. मुलाची मावशी, काका, कधी त्याची धर्ममाता. मनात दया असते, आणि ओठांवर एक वाक्य असते: "करून पाहायला काय जाते?"

या वाक्याचा विचार करावा असे आम्हाला वाटते. कोणती माहिती खरी हा प्रश्न डॉक्टरांचा आहे असे आपण समजतो. परंतु दुसऱ्याच्या लेकराच्या शरीराविषयी आपण काही सांगतो, तेव्हा तो नीतीचाही प्रश्न होतो. दया मनात असली म्हणजे सत्य शोधण्याच्या जबाबदारीतून आपण सुटतो का?

आईबाप मोबाईलकडे का वळतात?

प्रथम आईबापांची बाजू समजून घेतली पाहिजे. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तीन तास रांगेत बसल्यावर डॉक्टरांची पाच मिनिटे मिळतात. आजाराचे नाव इंग्रजीत असते. घरी परतेपर्यंत अर्धे बोलणे विसरलेले असते आणि विचारायचे प्रश्न रात्री आठवतात. रात्री अकरा वाजता मूल झोपल्यावर आईच्या हाताशी असतो तो मोबाईलच. चांगली, तपासलेली माहिती बहुतांशी इंग्रजीत. मराठीत जे सहज सापडते त्यात खरे, अर्धवट आणि निव्वळ जाहिरात असे सगळे एकत्र मिसळलेले. अशा वेळी ती माउली जे मिळेल ते वाचते, यात तिला दोष देण्यासारखे काही नाही.

मार्कच्या शुभवर्तमानात बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथा आहे. अनेक वैद्यांच्या हातून तिने सोसले, जवळचे सगळे खर्च केले, आणि दुखणे उलट वाढले. गर्दीतून वाट काढीत ती येशूच्या मागे आली. इतके दिवस भलतीकडे का गेलीस, असे प्रभूने तिला विचारले नाही. उपाय शोधणाऱ्या माणसाला रागावणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे. परंतु अशा शोधणाऱ्यांना लुबाडले जाऊ नये, हे पाहणे मात्र आपले काम आहे.

खरी माहिती हीसुद्धा दया आहे

'माहिती' हा शब्द कोरडा वाटतो. तरी एका उदाहरणावरून तिचे मोल लक्षात येईल. डाऊन सिंड्रोम असलेले मूल जन्मले की पूर्वी आईबापांच्या गुप्तरोगाकडे किंवा व्यसनाकडे बोट दाखवले जाई. १९५९ साली फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून, मार्थ गोतिए आणि रेमों तुर्पँ या डॉक्टरांनी दाखवून दिले की या मुलांच्या पेशींत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते. म्हणजे गुणसूत्रे ४६ ऐवजी ४७. आईने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, कोणते पाप केले, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. (प्रयोगशाळेतील कामात गोतिए यांचा मोठा वाटा होता. त्याचे श्रेय त्यांना बरीच वर्षे मिळाले नाही, हेही सत्यासाठी सांगितले पाहिजे.) सूक्ष्मदर्शकाखालच्या त्या एका शोधाने जगभरच्या लाखो मातांच्या माथ्यावरचा कलंक पुसला. शिष्यांच्या प्रश्नाला प्रभूने दिलेले उत्तर जणू प्रयोगशाळेतून पुन्हा ऐकू आले. लेज्यून हे श्रद्धावान कॅथलिक होते. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदाच्या वाटेवरील 'वंदनीय' हा मान दिला.

अशी माहिती कलंक पुसते, तशी ती जीवही वाचवते. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, म्हणून जन्मानंतर लवकर हृदयाची सोनोग्राफी करावी लागते. थायरॉईडची तपासणी वेळोवेळी करावी लागते, कान आणि डोळे तपासावे लागतात. हे ज्या आईला कोणी सांगितले, तिचे मूल पुढे जाते. जिला याऐवजी 'बुद्धी वाढवणाऱ्या' चूर्णाचा पत्ता मिळाला, तिच्या मुलाच्या हृदयाचा दोष तसाच राहून जातो.

मोठ्या नावांचाही भरवसा?

मग डॉक्टर सांगतील ते खरे, असे म्हणून मोकळे व्हावे का? गोष्ट इतकी सोपी नाही. स्वमग्नता, ज्याला आपण सर्व जण ऑटिझम म्हणतो, तिचे पहिले नीट वर्णन अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली केले. त्यानंतर बराच काळ अनेक तज्ज्ञ सांगत राहिले की आई थंड काळजाची असली की मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम या नामांकित प्राध्यापकाने १९६७ साली याच मताचे पुस्तक लिहिले आणि ते खूप गाजले. किती माता त्या एका मताखाली चिरडल्या गेल्या असतील! हे मत खोडून काढण्यास पुढे आले ते बर्नार्ड रिमलँड. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ साली पुराव्यानिशी पुस्तक लिहून त्यांनी दाखवले की स्वमग्नतेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, आईच्या प्रेमात नाही.

लसीची गोष्ट याहून दुःखद आहे. १९९८ साली 'लॅन्सेट' या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा लेख छापून आला. त्यात केवळ १२ मुले होती. त्यावरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीने स्वमग्नता येते अशी भीती जगभर पसरली. पुढे उघड झाले की लस बनवणाऱ्यांविरुद्ध दावा लढवणाऱ्या वकिलाकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते आणि मुलांची माहिती फिरवून लिहिलेली होती. २०१० साली नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण सारखेच निघाले. तरीही ती भीती आपल्या मोबाईलवर अजून फिरते आहे. दुसरीकडे, गोवराने मेंदूला सूज येऊ शकते, बहिरेपण येऊ शकते. गर्भवतीला रुबेला झाला तर बाळ बहिरे किंवा दृष्टिहीन जन्मू शकते. दिव्यांगत्वाच्या भीतीने टाळलेली लस दिव्यांगत्वापासूनच वाचवणारी असते.

याही पुढची गोष्ट. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, संकेतस्थळावरील लस आणि स्वमग्नतेविषयीचे पान बदलण्यात आले आणि जुनी शंका पुन्हा उकरून काढण्यात आली. नवा भक्कम पुरावा काही पुढे आला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध नाही हेच सांगितले आहे. यातून आपण काय घ्यावे? सगळेच खोटे असे नव्हे. घ्यावयाचे ते हे की, नाव मोठे म्हणून विधान खरे ठरत नाही. जो आपले म्हणणे इतरांना तपासू देतो, चूक निघाली तर ती मागे घेतो, आणि ज्याचे म्हणणे अनेक देशांतील अनेकांनी तपासून तसेच निघते, तो भरवशाचा. बेटलहाइम खोटे ठरले ते अशा तपासणीने, आणि वेकफील्डही.

देवाच्या नावाने

आपल्याला, ख्रिस्ती म्हणून, एक गोष्ट विशेष लाजवणारी आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका कुटुंबाने 'जेनेसिस टू' नावाची 'चर्च' चालवली. कुटुंबप्रमुख स्वतःला आर्चबिशप म्हणवी. ही मंडळी 'चमत्कारी' द्रव विकत आणि त्याला साक्रामेंत म्हणत. प्यायल्यावर ते द्रव क्लोरिन डायऑक्साईड होई. कागदाचा लगदा आणि कापड पांढरे करण्यासाठी कारखान्यांत वापरतात तेच हे रसायन. कर्करोगापासून स्वमग्नतेपर्यंत सर्वांवर हा उपाय आहे असा त्यांचा दावा होता, आणि आईबापांनी तो आपल्या मुलांना पाजला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० पासून वारंवार इशारे दिले. २०२३ साली न्यायालयाने पिता आणि तीन मुलगे यांना दोषी ठरवून तुरुंगात पाठवले. त्यांना हे द्रव खपवता आले, कारण दुःखी माणसाला देवाचे नाव ऐकले की धीर येतो. देवाचे नाव व्यर्थ घेणे म्हणजे काय, याचे याहून भयंकर उदाहरण शोधावे लागणार नाही.

आपल्याकडे हा धंदा वेगळ्या वेषात येतो. स्वमग्न मुलांना स्टेम सेल म्हणजे मूलपेशींची इंजेक्शने देऊन 'सुधारणा' करून दाखवू, अशा जाहिराती गेली कित्येक वर्षे सुरू आहेत. खर्च लाखांत. कोणी दागिने मोडते, कोणी जमिनीचा तुकडा विकते. रक्ताच्या काही आजारांत मूलपेशींचे उपचार खरोखरच मान्यताप्राप्त आहेत. त्या अर्ध्या सत्याच्या आधारानेच उरलेले असत्य उभे राहते. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले की स्वमग्नतेवर उपचार म्हणून मूलपेशींची शिफारस करता येत नाही. स्वमग्नता मुळापासून नाहीशी करणारे औषध आजतागायत निघालेले नाही.

काय जाते?

आता त्या वाक्याकडे वळू. करून पाहायला काय जाते?

पैसा जातो, हे तर दिसतेच. त्यासोबत वेळ जातो, आणि तो पैशाहून महाग असतो. मुलाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदू सर्वांत वेगाने घडत असतो. बोलण्याचे व्यायाम, हातापायांचे व्यायाम, विशेष शिक्षण या गोष्टी याच वयात अधिक फळ देतात. बहिऱ्या बाळाला श्रवणयंत्र जितक्या लवकर मिळेल तितके बोलणे फुटते. ही वर्षे काढे पाजण्यात गेली तर ती परत मिळत नाहीत. कधी शरीरावर बेतते. झटके येणाऱ्या मुलाची गोळी कोणाच्या सांगण्यावरून एकाएकी बंद केली, तर न थांबणारे झटके येऊन जिवावर येऊ शकते.

आणि आणखी एक गोष्ट जाते, जी मोजता येत नाही. दर दोन महिन्यांनी नवा उपाय, नवे पथ्य, नवा देवऋषी. यातून मूल काय शिकते? आपण बिघडलेले आहोत आणि दुरुस्त झाल्याशिवाय घरच्यांना चालणार नाही, हे. जे मूल बोलत नाही त्यालाही हे कळते. देवाने स्वतःच्या प्रतिमेत घडवलेल्या लेकराला असे वाटावे, ही किंमत फार मोठी आहे.

येथे कोणी विचारेल, "मग आशाच सोडायची का? चमत्कारावर आपला विश्वास नाही का?" आहे. बांद्र्याच्या मत माउलीच्या यात्रेत मेणाचे हात, पाय, बाळे वाहणारे आपलेच लोक आहेत, आणि त्या मेणात आईबापांचे अश्रू आहेत. परंतु चमत्काराविषयी पवित्र ख्रिस्तसभा स्वतः कशी वागते, ते पाहा. लुर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय कार्यालय आहे. बरे झाल्याच्या ७,००० हून अधिक घटना तेथे नोंदल्या गेल्या. ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केल्या त्या ७२. एवढ्या कमी का? कारण तेथे डॉक्टर कठोर प्रश्न विचारतात, आणि श्रद्धा नसलेल्या डॉक्टरालाही तपासणीत बसता येते. आजार गंभीर होता का? निदान पक्के होते का? चालू उपचारांनी गुण आला असेल का? बरे होणे पूर्ण आणि कायम टिकणारे आहे का? या कसोट्यांचे मूळ अठराव्या शतकातील प्रॉस्पेरो लाम्बेर्तीनी यांच्या लिखाणात आहे, जे पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झाले. पवित्र मातेच्या दारी घडलेली गोष्टही ख्रिस्तसभा तपासल्यावाचून मान्य करीत नाही. मग अनोळखी माणसाने पाठवलेला व्हिडिओ आपण न तपासता पुढे का पाठवावा?

लुर्दचे प्रश्न आपल्या घरी

हेच प्रश्न आपल्याला मोबाईलवरील माहितीलाही विचारता येतील. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न: निदान पक्के होते का? 'स्वमग्न मूल तीन महिन्यांत बोलू लागले' असे लिहिलेले असते. परंतु काही मुले मुळातच उशिरा बोलतात, काहींना ऐकू येत नसते. कोणी, कशावरून निदान केले, ते लिहिलेले आहे का?

दुसरा: एकाची गोष्ट आहे की अनेकांची तुलना? मूल वर्षभरात थोडेफार वाढते, शिकते, मग औषध घ्या वा न घ्या. म्हणून औषध घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले शेजारी ठेवून पाहावे लागते. एका आईची मुलाखत, ती कितीही प्रामाणिक असली, तरी ही तुलना नव्हे.

तिसरा: सांगणाराच विकणारा आहे का? व्हिडिओखाली फोन नंबर आणि 'मर्यादित जागा' असे असेल तर सावध व्हावे.

चौथा: तोटे सांगितले आहेत का? खरे औषध आपले दुष्परिणाम लपवीत नाही. 'शंभर टक्के गुण, काही अपाय नाही' असे म्हणणारा औषध विकत नाही, आशा विकतो.

पाचवा: कोणी आणि कधी लिहिले? नाव नाही, तारीख नाही, आधार नाही, तर ते निनावी पत्र समजावे.

सहावा: डॉक्टरांचे औषध बंद करायला सांगतात का? सांगत असतील तर तेथेच थांबावे.

भरवशाची माहिती कोठे शोधावी? जागतिक आरोग्य संघटनेचे संकेतस्थळ आहे. बालरोगतज्ज्ञांची संघटना इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स पालकांसाठी माहिती प्रसिद्ध करते. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, हातापायांच्या पुनर्वसनासाठी हाजी अलीची केंद्र सरकारची संस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली जिल्हा पातळीवर मुलांची तपासणी आणि उपचार यांची केंद्रे आहेत. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आहे. त्याचे ओळखपत्र काढण्यासाठी सरकारी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. अंगारे-धुपाऱ्यांची माहिती घरोघर पोहोचते, आणि या हक्काच्या गोष्टी कित्येक घरांना ठाऊकही नसतात.

आता तर यंत्राला प्रश्न विचारला की ते सफाईदार मराठीत उत्तर देते. त्याचा उपयोग जरूर करावा, इंग्रजी अहवालातला एखादा शब्द समजून घ्यायला, डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी करायला. परंतु सफाईदार बोलणे म्हणजे खरे बोलणे नव्हे. औषध, मात्रा आणि उपचार यांचा निर्णय मुलाला हाताने तपासणाऱ्या माणसाशी बोलूनच घ्यावा.

आपली साक्ष

आठवी आज्ञा शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई करते. साक्ष म्हटले की आपल्यापुढे न्यायालय येते. पण 'या उपायाने मुले बरी होतात' असा मजकूर आपण पुढे पाठवतो, तेव्हा आपण आपल्या नावाने साक्षच देत असतो. घेणारी आई त्या अनोळखी वैद्यावर विश्वास ठेवीत नाही. ती आपल्यावर ठेवते. 'मला कोठे माहीत होते' हे उत्तर पुरेसे नाही, कारण माहीत नसताना सांगणे हीच चूक आहे. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रकात हेच समजावले आहे की सत्यापासून सुटलेली प्रीती नुसती भावना होऊन राहते. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ च्या संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात खोट्या बातमीची मुळे एदेन बागेतील सर्पाच्या बोलण्यात दाखवली: ऐकायला गोड, अर्धवट खरे, आणि शेवट विनाशाचा.

आणखी एक गोष्ट स्वतःशी कबूल करायला हवी. मजकूर पाठवणे सोपे असते. त्या घरी जाणे अवघड असते. तेथे मूल आरडाओरडा करते, आई दमलेली असते, काय बोलावे सुचत नाही. मजकूर पाठवला की आपली अस्वस्थता शमते, आपण काहीतरी केले असे वाटते. ही दया मुलावरची की आपल्यावरची?

दुसऱ्या टोकाचाही इशारा देणे अवश्य आहे. सत्य सांगायचे म्हणून कोणी तोंडावर फेकतात, "काही होणार नाही याचे." हेही असत्यच आहे. 'बरा होणार नाही' आणि 'काही होणार नाही' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा पुसता येत नाही, पण ती वाढतही नाही. आणि व्यायामाने, साधनांनी, शिक्षणाने मूल बसू शकते, चित्रे दाखवून बोलू शकते, शाळेत जाऊ शकते. मुंबईत मिठू अलूर यांच्या लेकीला, मालिनी चिब यांना, सेरेब्रल पाल्सी होती. अशा मुलांसाठी शाळा नव्हती म्हणून या आईने १९७२ साली स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी पुढे उच्च शिक्षण घेऊन आल्या आणि २०१० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. ते त्यांनी एका बोटाने टाइप केले होते. त्या बऱ्या झाल्या नव्हत्या. पण केवढे काही झाले होते! ख्रिस्ती आशा अशी असते. ती मुलाला बदलून मागत नाही, त्याच्यासाठी जग थोडे बदलते.

जुन्या करारातील बेनसिराचा ग्रंथ अडतिसाव्या अध्यायात सांगतो की आजारपणी देवाची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही मान द्यावा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे. प्रार्थना आणि उपचार यांत निवड करायची नसते. निवड करायची असते ती सत्य आणि सोयीचे यांत.

मग आपल्या धर्मग्रामात आपण काय करू शकतो? ज्यांना इंग्रजी चांगले वाचता येते त्यांनी, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी, अशा एखाद्या आईबापांजवळ बसून डॉक्टरांचे कागद आणि भरवशाची पाने मराठीतून वाचून दाखवावी. परिचारिका म्हणून काम केलेल्या भगिनी आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी घरच्यांसोबत एकदा रुग्णालयात जावे, प्रश्न आधी लिहून न्यावे, उत्तरे लिहून आणावी. ज्यांना यातले काही जमत नाही त्यांनी दोन तास मुलाजवळ बसावे, म्हणजे आईला झोप मिळेल किंवा थोरल्या भावंडाच्या शाळेत जाता येईल. ओळखपत्राचा अर्ज, विम्याचा अर्ज भरून देणे हे तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. मिस्साला ते मूल मोठ्याने ओरडले तर मागे वळून पाहू नये, एवढे तर आपण सर्वच जण करू शकतो.

आणि मोबाईलवर पुढचा मजकूर येईल तेव्हा तो पाठवण्याआधी त्या घरी एकदा जाऊन यावे. गेल्यावर उपाय सांगू नये. "बाळ कसे आहे?" एवढेच विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकावे.